मोजलेलं तेल, ओतलेलं तेल

तिळाच्या तेलाचा वास जड असतो, थोडा उग्र, आणि एकदा भांड्याला लागला की घासूनपुसूनही मागे रेंगाळणारा. बॅबिलॉनच्या राजवाड्यातलं कोठार या वासानं कोंदलेलं असणार. तिथले लोक तिळाचंच तेल वापरतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं करून ठेवली आहे. त्या कोठारात एक कारकून बसे आणि कुणाला किती तेल द्यायचं ते ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकानं टोचून ठेवी. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट कोल्डेवे या जर्मन उत्खननकाराच्या हाती त्या पाट्या लागल्या आणि १९३९ साली एर्न्स्ट वाइडनर या अभ्यासकानं त्यांतल्या काही वाचून छापल्या. त्यांत नावाडी आहेत, सुतार आहेत, दूरदूरच्या मुलखांतून धरून आणलेली नाना तऱ्हेची माणसं आहेत, आणि त्यांच्याच रांगेत यहूदा देशाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगेही आहेत. इ.स.पू. ५९२ च्या सुमाराची ही नोंद. त्या पाच राजपुत्रांना मिळून अडीच सिला तेल दिल्याचं तिच्यात लिहिलं आहे. सिला म्हणजे जेमतेम एक लिटर.

यहोयाखीन गादीवर आला तेव्हा, बायबल सांगतं, अठरा वर्षांचा होता, आणि त्याचं राज्य तीनच महिने टिकलं. इ.स.पू. ५९७ मध्ये बॅबिलॉनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातला तसा तो आईला आणि सरदारांना घेऊन बाहेर पडला आणि शरण गेला. बॅबिलॉनच्या पाटीवर त्याच्या नावापुढे अजूनही राजा असंच लिहिलेलं आहे. राज्य गेलं, राजधानी दूर राहिली, उरली ती उपाधी आणि तेलाचं माप. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात यात कसली खोच नसणार. त्याला हिशेब चोख ठेवायचा होता, एवढंच. पण मी मात्र त्या ओळीपाशी थबकतो, कारण ज्या लोकांचा हा राजा होता त्यांच्यात राजा होणं म्हणजेच डोक्यावरून तेल ओघळणं होतं.

शमुवेल संदेष्ट्यानं पहिल्या राजाच्या, शौलाच्या, मस्तकावर कुपी रिती केली. पुढे बेथलेहेमच्या एका मेंढपाळ पोराला, दावीदाला, भावांच्या देखत उभं करून शिंगात भरलेलं तेल त्याच्या डोक्यावर ओतलं, आणि तेव्हापासून त्या समाजाच्या मनात राजा आणि अभिषिक्त हे एकजीव होऊन गेले. मस्तकावर तेल घालण्याचं अप्रूप आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसवून आजी टाळूवर तेल घाली तेव्हा सगळी ओंजळच रिती करायची. तेल कानामागून मानेवर उतरायचं, आणि एरवी फोडणीला तेल घालताना हात आखडणारी हीच का ती बाई, असं वाटायचं. महिन्याचं तेल तिच्या मनात पळीपळीनं मोजलेलं असे. त्या पहाटे मात्र ती मोजत नसे. मोजणं आणि ओतणं, दोन्ही एकाच हाताची कामं, पण त्यांमागची मनं वेगळी. यहुद्यांनी एकामागून एका साम्राज्याखाली काढलेल्या शतकांचा इतिहास वाचताना मला ही दोन कामं सारखी शेजारी शेजारी चाललेली दिसतात.

मोजण्याचं काम साम्राज्यांचं. भूमध्य समुद्र आणि वाळवंट यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला नाईलचं खोरं आणि दुसऱ्या अंगाला तैग्रिस-फरातचा सुपीक प्रदेश. दोन्हीकडच्या महत्त्वाकांक्षी राजांना एकमेकांकडे जायला वाट हवी, आणि ती वाट इथूनच जाणार. आधी आले अश्शूरी. इ.स.पू. ७२२ च्या आसपास उत्तरेकडचं शोमरोन पडलं, आणि सारगोन राजानं आपल्या लेखात तिथून नेलेल्या माणसांचा आकडा कोरून ठेवला, २७,२९०. इ.स.पू. ७०१ मध्ये पुढचा अश्शूरी राजा सन्हेरीब दक्षिणेकडच्या यहूदावर उतरला तेव्हा त्याच्या लेखकांनी तटबंदीची ४६ गावं आणि २,००,१५० माणसं अशी मोजदाद लिहिली. हे आकडे खरे की फुगवलेले, यावर पंडितांचा वाद चालू आहे आणि चालूच राहील. मला मात्र त्या शेवटच्या दीडशेचं नवल वाटतं. दोन लाखांच्या वर ते दीडशे कुणी मोजले असतील? लाखीश शहराच्या पाडावाची शिल्पं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर गाठोडी रचून निघालेली कुटुंबं दिसतात. गाडीवर बायका आणि पोरं बसलेली असतात. विजयाच्या चित्रात शिल्पकारानं अनवधानानं एका गावाचं बिऱ्हाड कोरून ठेवलं.

सन्हेरीबाच्या वेढ्याच्या भीतीनं यहूदाच्या हिज्कीया राजानं यरुशलेमच्या खडकातून पाण्यासाठी भुयार खोदवलं, सुमारे ५३३ मीटर लांब, दोन्ही टोकांकडून एकाच वेळी सुरुवात करून. आतल्या भिंतीवर एक लेख होता, १८८० मध्ये सापडलेला. त्यात राजाचं नाव नाही. खोदता खोदता पलीकडच्या माणसांची हाक खडकातून ऐकू आली, मग दोन्हीकडच्या कुदळी एकमेकींना भिडल्या आणि पाणी वाहू लागलं, एवढंच तो लेख सांगतो. अश्शूरी राजांच्या लेखांत असा आनंद मला कुठे आढळत नाही. तो लेख पुढे उस्मानी साम्राज्यानं उचलून नेला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तेव्हा यरुशलेमवर राज्य त्यांचंच होतं.

इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पुन्हा बॅबिलॉनच्या हाती पडलं. शलमोनाचं मंदिर जळालं, दारापुढचे पितळी खांब फोडून त्यांची धातू बॅबिलॉनला गेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे गोष्ट इथेच संपायची, कारण ज्याचं देऊळ जळालं तो देव हरला, आणि हरलेल्या देवाचं नाव नातवंडं घेत नाहीत. आजूबाजूच्या कितीतरी लहान राज्यांचे देव असेच विस्मरणात गेले. या लोकांनी मात्र आपल्या पराभवाचा इतिहास आपणच लिहायला घेतला आणि त्यातला दोष स्वतःच्या पदरात बांधून घेतला. देव हरलेला नाही, आम्ही करार मोडला, आम्ही दुबळ्यांना नाडलं, म्हणून त्यानंच परक्याच्या हाती छडी दिली, असं त्यांच्या संदेष्ट्यांचं म्हणणं. या विचारात एक क्रौर्य आहे. ज्यांची घरं जळाली त्यांनाच जाब विचारल्यासारखं ते वाटतं. पण त्याच विचारानं देवाला देवळाच्या चार भिंतींतून सोडवलं. तो आता त्या बिऱ्हाडांसोबत, कालव्यांच्या काठाकाठानं, परमुलखात जाऊ शकत होता.

आणि परमुलखात माणसं जगलीही. यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून त्यांना पत्र पाठवलं होतं की घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्यांनी ते ऐकलेलं दिसतं. बॅबिलोनियाच्या ग्रामीण भागात यहुद्यांची गावं होती, आणि तिथल्या मातीच्या पाट्यांवर खजुराचे, जवाचे, कर्जाचे, खंडाचे व्यवहार त्यांच्या नावानिशी टिकून आहेत. यहोयाखीनचंही काही बरं झालं. राजांचा इतिहास सांगणारा बायबलमधला ग्रंथ ज्या ओळींवर संपतो त्या मला फार विचित्र आणि फार करुण वाटतात: बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी नव्या राजानं त्याला कैदेतून सोडलं, बरे कपडे दिले, आपल्या पंगतीला बसवलं, आणि त्याचा रोजचा शिधा हयातभर बांधून दिला. दावीदाच्या तेलानं सुरू झालेली कथा शिध्यापाशी येऊन थांबते. कोठारातली पाटी आणि पवित्र ग्रंथ यांचं इथे एकमत आहे. आणि खरं सांगायचं तर त्या मापाला नावं ठेवायला मन धजत नाही. त्या अडीच सिलांनी पाच मुलं जगवली.

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसिक राजा कोरेश बॅबिलॉनमध्ये शिरला आणि निर्वासितांना घरी परतण्याची मुभा मिळाली. यशयाच्या ग्रंथात तेव्हा एक आश्चर्य घडतं, कोरेशाला, एका परक्या, यहोवाला न ओळखणाऱ्या राजाला, देवाचा अभिषिक्त म्हटलं जातं. शतकानुशतकं दावीदाच्या वंशासाठी जपलेलं तेल कवीनं एका परदेशी डोक्यावर ओतलं. कोरेशाला याचा पत्ताही नसेल. १८७९ मध्ये बॅबिलॉनच्या ढिगाऱ्यांत सापडलेल्या त्याच्या मातीच्या दंडगोलावर तो आपलं श्रेय मार्दूक या बॅबिलोनी देवाला देतो. यहुद्यांचा त्यावर उल्लेखसुद्धा नाही. उपकार करणाऱ्याच्या वहीत आपलं नाव नसतं आणि आपल्या वहीत मात्र त्याचं नाव सोन्यानं लिहिलेलं असतं, हे लहान लोकांच्या वाट्याला नेहमीच येतं.

मंदिर पुन्हा उभं राहिलं, इ.स.पू. ५१५ मध्ये. राजा मात्र परत आला नाही. यहोयाखीनचा नातू जरुब्बाबेल अधिकारी म्हणून आला होता, लोकांच्या त्याच्याकडून फार अपेक्षा होत्या, आणि मग तो कथेतून कधी नाहीसा होतो ते कळतही नाही. पारसिकांचं राज्य सौम्य म्हणावं असं, पण कर भरावाच लागे, आणि बायबलमधल्या नहेम्याच्या आठवणींत शेतं नि द्राक्षमळे गहाण टाकलेल्या, पोरीबाळी दास्यात दिलेल्या माणसांचा आक्रोश ऐकू येतो. तो आक्रोश सावकारी करणाऱ्या स्वकीयांविरुद्ध होता, हे नहेम्या लपवत नाही.

मग सिकंदर आला, त्याच्या मागोमाग इजिप्तचे टॉलेमी, आणि इ.स.पू. २०० च्या सुमारास सीरियाचे सेल्युकस वंशीय. ग्रीक भाषा बाजारातून घरात शिरली. अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांना आपला धर्मग्रंथ ग्रीकमध्ये हवासा वाटू लागला आणि तो झालाही, ज्याचं मोल पुढे फार मोठं ठरायचं होतं. अँटिओकस चौथा या राजानं इ.स.पू. १६७ मध्ये मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली, शब्बाथ पाळण्यावर आणि सुंतेवर बंदी घातली, तेव्हा मात्र डोंगरातल्या एका पुरोहित घराण्यानं शस्त्र उचललं. तीन वर्षांनी त्या घराण्यातल्या मक्काबींनी मंदिर परत घेतलं, शुद्ध केलं, दिवे लावले. हनुक्काच्या सणात जी गोष्ट सांगतात, एका दिवसापुरतं उरलेलं शुद्ध तेल आठ दिवस पुरलं, ती मक्काबींच्या ग्रंथांत नाही. ती शतकांनंतर तालमूदमध्ये येते. तोवर मक्काबींचं राज्य केव्हाच लयाला गेलं होतं. ज्यांनी ही गोष्ट जपली त्यांना लढाईपेक्षा मापाला न जुमानणारं ते तेल अधिक आठवणीत ठेवावंसं वाटलं, याचा मला उलगडा होतो.

कारण राज्य आपलं झाल्यावर काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. मक्काबींचे वंशज, हस्मोनी राजे, पुरोहितपद आणि सिंहासन दोन्हींवर बसले. योहान हिर्कानसनं गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोनी लोकांचं देऊळ पाडलं आणि दक्षिणेच्या इदोमी लोकांना बळानं यहुदी केलं. अलेक्झांडर यन्नायस या राजानं स्वतःच्याच ८०० विरोधकांना क्रुसावर चढवलं, असं यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. म्हणजे यहुद्यांच्या भूमीत रोमच्या आधी घरच्यांनीही माणसं क्रुसावर चढवली होती. शेवटी गादीसाठी भांडणाऱ्या दोघा भावांनी रोमच्या पाँपीकडे दाद मागितली, आणि इ.स.पू. ६३ मध्ये पाँपीबरोबर आलेली रोमची सत्ता परत गेली नाही. पाँपी थेट मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात शिरला. पुढे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की आत मूर्ती नव्हतीच, गाभारा रिकामा होता. जग जिंकून आलेल्या त्या सेनापतीला त्या रिकाम्या जागेत काय करावं ते सुचलं नसेल. जोसेफसच्या सांगण्याप्रमाणे त्यानं मंदिराच्या खजिन्याला हातही लावला नाही.

रोमनं राजा नेमला तो हेरोद. त्याचं घराणं इदोमी, बळानं यहुदी केलेल्यांपैकी. त्यानं मंदिराचं असं भव्य नूतनीकरण काढलं की त्याच्या मृत्यूनंतरही काम चालूच होतं. त्या आवाराच्या पश्चिम भिंतीशी आजही लोक कपाळ टेकतात. त्याच्यामागे इ.स. ६ मध्ये यहूदिया सरळ रोमच्या अमलाखाली गेला, आणि कर बसवण्यासाठी किरिन्यस या सुभेदारानं शिरगणती लावली. गालीलचा यहूदा नावाचा एक माणूस तेव्हा उठला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आमचा धनी देव एकटा, आम्हाला मोजून घेणं म्हणजे गुलामी. रोमनं ते बंड मोडलं. शुभवर्तमानकार लूकनं आपल्या कथेत येशूचा जन्म अशाच एका नोंदणीच्या धामधुमीत ठेवला आहे. कालगणनेचा पेच अभ्यासकांना आजही सुटलेला नाही, पण कथाकाराची नजर अचूक आहे: साम्राज्य माणसं मोजत असताना, त्या मोजणीत कुणाच्या लक्षातही न येणारं एक मूल जन्माला येतं.

त्या काळी देव पाठवील त्या अभिषिक्ताची वाट पाहणारे एका मताचे नव्हते. कुणाला दावीदासारखा तलवारीचा राजा हवा होता, कुणाला आकाशातून उतरणारा न्यायाधीश. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या लोकांच्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडू लागल्या, त्यांवरून कळतं की ते दोघांची वाट पाहत होते, एक पुरोहित वंशातला आणि एक राजवंशातला. आणि शेतकरी, कोळी, मजूर यांच्यापैकी पुष्कळांना कदाचित तेवढंच हवं असेल जे गालीलच्या त्या फिरत्या गुरूनं, येशूनं, प्रार्थनेत मागायला शिकवलं, आजच्यापुरती भाकर आणि कर्जाची माफी. चार साम्राज्यांचे कर भरलेल्या लोकांची ती प्रार्थना आहे. तिच्यात येणारं राज्य देवाचं आहे, पण भूक अगदी इथली.

वल्हांडण सणाला दोन दिवस उरले होते. बेथानी गावात शिमोन नावाच्या कुष्ठरोग्याच्या घरी येशू जेवायला बसला असताना, मार्क सांगतो, एक बाई संगमरवरी कुपी घेऊन आली, कुपी फोडली आणि आतलं जटामांसीचं तेल त्याच्या मस्तकावर ओतलं. जटामांसी हिमालयाच्या उंच उतारांवर उगवते. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात ती उज्जैनवरून भडोचच्या बंदरात येत असल्याचं आणि तिथून जहाजं भरत असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे बेथानीच्या त्या खोलीत दरवळलेला वास बैलांच्या पाठीवरून नर्मदेकाठी, शिडाच्या जहाजातून तांबड्या समुद्रापार, उंटांवरून वाळवंटाच्या कडेकडेनं आला असेल. आणि म्हणूनच बसलेल्यांपैकी काहींच्या तोंडून पटकन हिशेब निघाला: हे तीनशे दिनारांना विकलं गेलं असतं! मळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार. वर्षभराचं पोट एका ओंजळीत सांडलं होतं.

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, हृदयशून्य तर नव्हताच. ते पैसे गरिबांना देता आले असते, असं ते म्हणाले, आणि गरिबांच्या देशात हे बोलणं साजेसंच होतं. तरी येशूनं बाईची बाजू घेतली. ती माझ्या अंगाला दफनाआधीच तेल लावून गेली, असं तो म्हणाला. राजाच्या मस्तकावर घालतात तसं तेल घातलं गेलं, पण सिंहासनाऐवजी थडग्यासाठी. शौलापासून हिशेब धरला तर हजार वर्षांचा हा अभिषेक एका अनामिक बाईच्या हातून, जेवणाच्या खोलीत, पुरोहिताशिवाय झाला. योहानाच्या शुभवर्तमानात हीच घटना थोड्या फरकानं येते आणि तिथे बाईचं नाव मरिया आहे. मार्कनं किंमत टिपली, नाव टिपलं नाही, आणि तिची गोष्ट जगभर सांगितली जाईल असं मात्र लिहून ठेवलं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. पोंती पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. त्याच्या नावाचा दगड १९६१ मध्ये कैसरिया इथे सापडला. त्याच्या दृष्टीनं येशूला क्रुसावर चढवणं ही एक किरकोळ शिक्षा असावी, आणि यहुद्यांचा राजा हा क्रुसावर लावलेला आरोप म्हणजे थट्टा. त्यानंतर येशूच्या शिकवणीचा जो प्रसार झाला त्याला साम्राज्यांनी नकळत हातभार लावला. आधीच्या साम्राज्यांच्या धांदलीत यहुदी अलेक्झांड्रियाला, अंत्युखियाला, तार्सूसला, रोमला पांगले होते. त्यांची सभास्थानं होती, त्यांत ग्रीकमध्ये आणलेला धर्मग्रंथ वाचला जात होता. येशूचा संदेश सांगणारा पौल रोमनांच्या सडकांवरून आणि व्यापारी गलबतांतून याच सभास्थानांत जात राहिला. तो स्वतःला यहुदीच मानी. याकोबाच्या नावानं लिहिलेल्या पत्रात मंडळीसाठी एक साधी सूचना आहे: कुणी आजारी असेल तर वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला तेल लावावं. राजाच्या मस्तकावरचं तेल आजाऱ्याच्या अंगाला लागलं. मला वाटतं, आरंभीच्या त्या लहान लहान घरमंडळ्यांत जे काही नवं होतं ते एवढंच असतं तरी पुरेसं होतं.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसनं यरुशलेमचं मंदिर जाळलं. यहुदी मंदिरासाठी दरवर्षी जो कर देत तो रोमनं बंद केला नाही. दोन द्राख्मा आता रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी द्यायचे, एवढाच बदल केला. योहानान बेन झक्काई या गुरूनं याव्ने गावी शिष्य जमवले आणि मंदिराविना, बलिदानाविना, अध्ययन आणि प्रार्थना यांवर धर्म पुन्हा उभा करायला घेतला. इ.स. १३२ ते १३५ चं बार कोखबाचं बंड हा अभिषिक्त राजाचा आणखी एक प्रयत्न, आणि रोमन सम्राट हेड्रियननं तो निर्दयपणे चिरडला. यरुशलेमचं नावसुद्धा त्यानं बदललं. याव्नेची वाट आणि पौलाची वाट, दोन्ही त्याच जळक्या मंदिरापासून फुटलेल्या. पुढे दोघींमध्ये अबोला झाला, मग वैर.

इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, ३८० मध्ये त्यांचा धर्म रोमचा राजधर्म झाला, आणि कालांतरानं युरोपच्या राजांच्या मस्तकांवर पुन्हा पवित्र तेल ओतलं जाऊ लागलं. तेच राजे आपल्या राज्यातल्या यहुद्यांची मोजदाद ठेवत, कर बसवत, हद्दपारीचे हुकूम काढत. स्पेनच्या १४९२ च्या हुकुमानं परागंदा झालेल्या घराण्यातला गार्सिया द ऑर्ता हा वैद्य पोर्तुगालमार्गे गोव्यात आला. १५६३ साली त्यानं तिथे छापलेल्या वनौषधींच्या ग्रंथात जटामांसीचीही चर्चा आहे. तो वारल्यावर त्याच्या बहिणीला धर्मसमीक्षण सभेनं, म्हणजे इन्क्विझिशननं, जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. त्याच्या आदल्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा पाद्री गोव्यात उतरला होता. पुढे त्यानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं, आणि त्याच्या पहिल्या भागात यहुद्यांचाच जुना इतिहास आहे. ज्यांची जुनी देवळं आणि पोथ्या गेल्या होत्या त्या गोव्यातल्या साष्टीच्या लोकांनी परक्या राज्याखाली बसून, ज्यांचं देऊळ परक्यांनी जाळलं त्या लोकांची कथा आपल्या भाषेत ऐकली. ऐकताना कुणाच्या मनात काय हललं असेल, ते पुराणात कुठून लिहिलेलं असणार.

आणि त्याच किनाऱ्यावर, उत्तरेला, अलिबागच्या आसपास, घाणे फिरवणारे बेने इस्राएल नावाचे यहुदी होतेच. नवगावच्या खडकांवर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. त्यांचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी तो काळ अँटिओकसच्या छळाशी जोडला, कारण या लोकांच्या जुन्या चालीरीतींत हनुक्का नव्हता. ग्रंथ नाही, मंदिर नाही, राजा तर नाहीच. तेल गाळावं, विकावं, आणि शनिवारी घाणा बंद ठेवावा. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मंदिराच्या विध्वंसाचा उपास येई त्या दिवसाला ते बिरड्याचा सण म्हणत, आणि त्या निमित्तानं वालाचं बिरडं खात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा फतवा काढला. त्यांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थानं यहुदीच आहेत असं अधिकृतपणे मान्य झालं. चौकशी करणारे या वेळी परके नव्हते. बॅबिलॉन, पारस, ग्रीस, रोम, सगळ्यांची मापं सोसलेल्या समाजाला स्वतःच्या दारात आल्यागेल्याला किती ओतायचं आणि किती मोजायचं हे ठरवणं सोपं गेलं नाही. ते आपल्याला तरी सोपं जाईल असं धरून चालू नये.